दोघांना सांगितलेली टॅक्सी



आखातात जाणारी विमाने पुष्कळदा पहाटेची असतात. वसईहून सहार गाठायचे तर मध्यरात्रीनंतर लगेच निघावे लागते. टॅक्सीवाला आलाच नाही तर? म्हणून काही जण दोघांना सांगून ठेवतात. जो आधी येईल त्याची गाडी, दुसऱ्याला फोनवर ‘नको’.

विमान कंपन्याही जागांपेक्षा जास्त तिकिटे विकतातच की, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण तिकीट असून मागे ठेवलेल्या प्रवाशाला भरपाई देण्याचा नियम आपल्याकडे २०१० पासून आहे. अपरात्री उठून, घरच्यांची झोप मोडून, गाडी पुसून निघालेल्या चालकाला मात्र काहीच मिळत नाही.

माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नये, असे कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याने १७८५ साली मांडले. प्रभू येशूने तर पर्वतावरील प्रवचनात शिकवले, की आपल्या होकाराला शपथेचीही गरज पडू नये. इथे आपण दोघांना ‘हो’ म्हणतो आणि त्यातला एक खोटा असतो. आपली धास्ती खरी आहे. व्हिसा, नोकरी, सारेच पणाला लागलेले असते. पण ती धास्ती दुसऱ्याच्या जागरणावर का भागवावी?

दुसरी गाडी हवीच असेल, तर त्या चालकाला आदल्या दिवशीच सांगावे: “तुम्ही राखीव आहात, गाडी लागली नाही तरी निम्मे भाडे देऊ.” मग यायचे की नाही, हे त्याला ठरवू द्यावे.

– आपले प्रमुख धर्मगुरू