भरणीची जमीन कोणाची?

बॅलार्ड इस्टेटची जमीन मुळात जमीन नव्हतीच. अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आजची इंदिरा गोदी, खोदताना निघालेली माती आणि दगड समुद्रात लोटून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा परिसर उभा राहिला. मुंबईचा पूर्व किनारा बराचसा असाच भरणीचा आहे. त्याच्या पुनर्विकासासाठी 2014 मध्ये राणी जाधव समिती नेमली गेली आणि 2018 च्या अखेरीस बंदर न्यासाने आराखड्याचा मसुदा काढून लोकांकडून सूचना-हरकती मागवल्या. बागा आणि मरिना यांवर चर्चा झडली. पण काल जिथे समुद्र होता, ती जागा मुळात कोणाची, हा प्रश्न मागेच राहिला.

धर्म आणि कायदा यांनी या प्रश्नाला पूर्वीच हात घातला आहे. जस्टिनियनच्या सहाव्या शतकातल्या रोमन कायद्याने हवा, वाहतं पाणी, समुद्र आणि किनारा सर्वांचा मानला. 1951 मध्ये भूदान सुरू करताना विनोबांची भूमिका होती की जमीनही हवा-पाण्यासारखी ईश्वराची, तिच्यावर मालकी कसली? बियास नदीच्या खटल्यात 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की निसर्गसंपत्तीचं सरकार मालक नाही, विश्वस्त आहे.

या तिन्ही विचारांत एक गोष्ट गृहीत आहे: ही संपत्ती माणसाने घडवलेली नाही. भरणीच्या जमिनीवर घोडं इथेच अडतं. ती घडवली पाट्या वाहणाऱ्या मजुरांनी, कागद बंदराच्या नावावर झाले आणि पाणी गेलं कोळ्यांचं.

मग ‘मूळ रहिवासी’ हा निकष लावून सुटका होईल का? 1875 मध्ये खुल्या झालेल्या ससून डॉकवर पहाटे लिलाव संपला की बायका ओल्या फरशीवर बसून कोळंबी सोलतात. डोकं मोडायचं, साल ओढायची, सोललेली पाटीत टाकायची. त्यांत कोळणी आहेत, तशाच पोटासाठी आलेल्या बंजारा बायकाही. कोळणीचा दावा पिढ्यांचा आहे. शेजारणीचा फक्त रोजच्या कामाचा. दुसरा दावा हलका कसा ठरवणार?

नारळी पौर्णिमेला कोळी दर्याला नारळ देतो, तेव्हा तो दर्यावर मालकी सांगत नाही, घेण्याआधी देतो. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्या किनाऱ्यावरच राहतात, कमाई थांबते. इथे हक्काला कर्तव्य जोडलेलं आहे. ज्याला किनाऱ्याची झळ सोसावी लागते, त्याचं म्हणणं आधी ऐकायला हवं, हे तत्त्व या व्यवहारातूनच निघतं. लेखी हरकत नोंदवू शकणारा नागरिक त्याच्या मागे उभा राहील.

त्यामुळे आराखड्याची परीक्षा साध्या नोंदींवर करता येते: मासळी सुकवायची जागा, सोलणाऱ्या बायकांसाठी छप्पर, बर्फाच्या गाडीला वाट आणि शिवडीच्या चिखलात उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांसाठी मोकळा किनारा. रोहितांना सुनावणीची नोटीस जात नाही; त्यांची हरकत कोणीतरी माणसानेच लिहायची असते.