वाट कुणी सोडायची?

महाभारत ज्यांच्या नावावर आहे त्या व्यासांचे आजोबा वाट कुणी सोडायची या भांडणात गेले. कथा आदिपर्वात आहे. इक्ष्वाकु कुळातला राजा कल्माषपाद शिकारीहून थकलेला, भुकेला, तहानलेला परतत होता. वाट अरण्यातली, एकावेळी एकच माणूस जाईल इतकी अरुंद. समोरून वसिष्ठांचा थोरला मुलगा शक्ती आला. राजा म्हणाला, बाजूला हो. शक्तीनं शांतपणे सांगितलं की राजानं ब्राह्मणाला वाट द्यावी असं शास्त्र आहे. दोघंही जागचे हलेनात. राजानं चाबूक मारला. शक्तीनं शाप दिला की तू माणसं खात फिरशील. तसंच झालं, आणि राजानं आधी खाल्लं ते शक्तीलाच. मग वसिष्ठांच्या बाकीच्या मुलांना. शक्तीची पत्नी अदृश्यंती तेव्हा गरोदर होती. तिच्या पोटी पराशर जन्मले आणि पराशरांचे पुत्र व्यास.

संस्कृत शिकवायची तेव्हा ही कथा वर्गात सांगत असे. मुलांचं सगळं लक्ष शापावर आणि राक्षसावर. मला मात्र दोनच गोष्टी सतावत. शास्त्र शक्तीच्या बाजूनं होतं, म्हणजे तो बरोबर होता. आणि त्याचे धाकटे भाऊ त्या वाटेवर नव्हतेच.

मी हैदराबादेत, बाग अंबरपेठेत राहते. आमच्या भागातून वरंगळचा राष्ट्रीय महामार्ग, 163 क्रमांकाचा, जातो. अंबरपेठच्या उड्डाणपुलाची पायाभरणी 2018 ची. 5 मे 2025 रोजी नितीन गडकरींनी त्याचं रीतसर उद्घाटन केलं. त्या मधल्या वर्षांत छे नंबर चौकात ज्यांनी धूळ खाल्ली, त्यांना या पुलाचं मोल वेगळं सांगायला नको. पण पुलावर चढलं की रोज दिसतं ते असं: जाणाऱ्या बाजूला दोन लेन, मध्ये पांढरी तुटक रेघ, आणि निम्म्या गाड्या ती रेघ बरोबर पोटाखाली घेऊन चाललेल्या. डावीकडेही जागा अडलेली, उजवीकडेही. खाली चौकात जागा नव्हती म्हणून आपण भांडत होतो असं वाटायचं. वर जागा मिळाली, तरी भांडण आहेच.

माझं माहेर सोलापूर. शहराची गर्दी टाळायची म्हणून मी उप्पलवरून घटकेसरला जाते, तिथं बाह्य वळणरस्ता धरते आणि पाटणचेरूच्या बाजूला सोलापूरच्या रस्त्याला लागते. हा वळणरस्ता 158 किलोमीटरचा, आठ पदरी. उजवीकडच्या दोन लेन शंभर ते एकशेवीसच्या वेगासाठी, डावीकडच्या दोन चाळीस ते ऐंशीसाठी. नियम स्पष्ट आहे आणि बरेच जण पाळतातही. खरी कसोटी पुढं लागते. संगारेड्डी, जहीराबाद, हुमनाबाद, उमरगा, नळदुर्ग असा तो 65 क्रमांकाचा महामार्ग. एका बाजूला दोनच लेन. डावीकडच्या लेनमध्ये थांबलेला ट्रक, उलट्या दिशेनं येणारी मोटरसायकल, हंगामात उसाच्या ट्रॉल्या. भरलेल्या मालट्रकचा वेग एकदा तुटला की तो पुन्हा धरायला किती वेळ आणि किती डिझेल जातं, हे ड्रायव्हरला ठाऊक असतं. म्हणून तो दुभाजकाच्या कडेनं उजवी लेन धरून राहतो. त्याला मी दोष देत नाही. मोटारीतल्या माणसाला मात्र असं काही कारण नसतं.

माझा भाचा हायटेक सिटीत नोकरीला आहे. मागे आम्ही सोलापूरला निघालो तेव्हा गाडी त्याच्या हातात होती. जहीराबाद सुटल्यावर तो उजव्या लेनमध्ये शंभरावर स्थिर होता. डावी लेन बराच वेळ मोकळी. मागून एक पांढरी गाडी डिपर देत आली. भाचा जागचा हलला नाही. मी म्हटलं, साइड दे त्याला. तर म्हणाला, “मावशी, मी शंभरनं चाललोय. कायद्यानं इथं मोटारीला शंभरच्या वर जाता येत नाही. म्हणजे मागचा गुन्हा करायला निघालाय. मी वाट दिली तर त्याच्या गुन्ह्यात माझा हात नाही का?”

प्रश्न उडवून लावण्यासारखा नव्हता. धर्मशास्त्रात पाप करणाऱ्याबरोबर त्याला साह्य करणाऱ्याचाही विचार केलेला आहे. पण साह्य म्हणजे काय? मागच्याचा वेग मी वाढवला नाही, त्याची घाई मी निर्माण केली नाही. मी त्याच्या वाटेत उभी आहे एवढंच, आणि ती जागा ओलांडण्यासाठी आहे, मुक्कामासाठी नाही. त्याला अडवण्याचं काम मला कुणी दिलेलं नाही. त्यासाठी पोलीस आहेत, कॅमेरे आहेत. ज्याला आपण शिक्षा म्हणून रोखून धरतो, त्याला शिक्षा होतच नाही. तो डावीकडून घुसतो. तेव्हाही तसंच झालं. पांढरी गाडी डावीकडे वळली, आमच्या बाजूनं पुढं गेली, आणि त्याच वेळी डावीकडच्या कडेनं एक मोटरसायकल चालली होती. नवरा, बायको, मध्ये मूल. बाईच्या मांडीवर स्टीलचा डबा. गाडी त्यांच्या इतक्या जवळून गेली की तिचा पदर हवेनं उलटा झाला. नवऱ्यानं हँडल सावरलं, मोटरसायकल मातीत उतरली आणि थांबली. पडले नाहीत.

भाचा आणि पांढरी गाडीवाला, दोघांच्या भांडणात त्या तिघांचा काय संबंध? वसिष्ठांच्या धाकट्या मुलांचा होता तेवढाच. दोघं आपापल्या हक्काला चिकटून बसतात आणि किंमत तिसरा मोजतो. भाचा बरोबर होता की नाही, हा प्रश्न मला त्या क्षणापासून दुय्यम वाटतो. शक्तीही बरोबर होता.

आपल्या परंपरेनं या प्रश्नावर विचार केलेला आहे, आणि तो बारकाईनं केलेला आहे. वनपर्वात लहानगा अष्टावक्र जनकाच्या यज्ञाला निघतो तेव्हा वाटेत राजाशी गाठ पडते. मुलगा राजाला ऐकवतो: वाट आधी आंधळ्याची, बहिऱ्याची, स्त्रीची, ओझं वाहणाऱ्याची, मग राजाची. पुढं तो ब्राह्मणाला सगळ्यांच्या वर ठेवतो; ती उतरंड मला मान्य नाही, तिच्यापायीच तर शक्ती गेला. पण यादीचा आरंभ पाहा. ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, ज्याच्या डोक्यावर भार आहे, तो पहिला. आजचा कायदाही इथं त्याच वाटेनं जातो. घाटात रस्ता अरुंद असेल तर उतरणाऱ्या गाडीनं चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, कारण चढणाऱ्याला थांबून पुन्हा निघणं जड. रुग्णवाहिकेला वाट दिली नाही तर 2019 च्या दुरुस्तीनंतर दहा हजार रुपये दंड. आणि 2017 च्या वाहनचालन विनियमांत एक तरतूद आहे, ती मला सर्वांत मोलाची वाटते: दुसरा आपल्याला ओलांडत असताना आपण वेग वाढवायचा नाही. ज्यानं हे लिहिलं त्याला माणसाचं मन कळत होतं. एरवी सत्तरनं रेंगाळणारा माणूस, शेजारून कुणी पुढं जातंय म्हटलं की नव्वदवर जातो. ते त्याचा पाय करत नाही, त्याच्यातला ‘मी’ करतो.

अष्टावक्राच्या काळात आंधळा दिसत होता, ओझं दिसत होतं. महामार्गावर मला दिसतात आरशातले दोन दिवे. आत कोण आहे? उस्मानिया रुग्णालयात आई शेवटच्या घटका मोजतेय म्हणून निघालेला मुलगा, की नुसता माजलेला कुणी? रुग्णवाहिकेला भोंगा असतो; काळजीला नसतो. शास्त्रानं दिलेले सगळे निकष इथं आंधळे होतात. आणि मला वाटतं, खरा धर्माचा प्रश्न इथंच सुरू होतो. समोरचा पात्र आहे हे कळल्यावर वाट देणं सोपं आहे. तो पात्र आहे की नाही हे कधीच कळणार नसताना, तो आभार मानणार नसताना, पुन्हा कधी भेटणार नसताना द्यायची का?

आमच्या खालच्या मजल्यावर आरटीसीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर राहतात. त्यांनी उभं आयुष्य बस चालवली. भाच्याची गोष्ट मी त्यांना सांगितली. ते म्हणाले, “जाने देना था टीचरम्मा, उसकू क्या जल्दी है अपने कू क्या मालूम.” मग त्यांनी हदीसमधली गोष्ट सांगितली. रस्त्यालाही हक्क असतो, तो द्यावा असं पैगंबरांनी सोबत्यांना सांगितलं. आणि वाटेत त्रास देणारी वस्तू बाजूला करणं हासुद्धा ईमानचाच भाग मानला. थोडं थांबून म्हणाले, “लेन अटकाके बैठा सो आदमी भी पत्थर-इच है.” मी वर्षानुवर्षं ग्रंथांत शोधत होते ते त्यांनी जिन्यात उभं राहून सांगितलं. अज्ञान हीच त्यांच्या लेखी वाट देण्याची सबब होती. कळत नाही, म्हणून द्यायची.

बौद्ध जातकांत राजोवाद नावाची कथा आहे. काशीचा ब्रह्मदत्त आणि कोसलचा मल्लिक, दोघंही राजे वेष पालटून निघालेले. आपला दोष तोंडावर सांगणारा कुणी भेटतो का, हे शोधायला. खोलगट, अरुंद रस्त्यावर दोघांचे रथ समोरासमोर आले. सारथ्यांनी वय विचारलं, राज्य, सैन्य, धन, कुळ विचारलं. सगळं सारखंच. मग गुण विचारले. मल्लिकाचा सारथी म्हणाला, आमचा राजा बळाला बळानं, मऊपणाला मऊपणानं, चांगल्याला चांगलेपणानं आणि वाइटाला वाइटानं उत्तर देतो. दुसरा म्हणाला, हे गुण असतील तर दोष कोणते? आमचा राजा राग शांतीनं जिंकतो, वाईट चांगल्यानं, कंजूषपणा दानानं, असत्य सत्यानं. हे ऐकून मल्लिक आणि त्याचा सारथी खाली उतरले, घोडे सोडले, रथ ओढून बाजूला घेतला.

कथा सांगितली जाते ती ब्रह्मदत्ताच्या थोरवीसाठी. मला मल्लिक मोठा वाटतो. भर रस्त्यात, परक्या सारथ्याच्या तोंडून आपला दोष ऐकणं आणि दुसऱ्या क्षणी रथातून उतरणं, याला राजेपण लागतं. ज्या शोधासाठी तो निघाला होता तो त्याला तिथंच संपलेला दिसला. शक्तीची कथा आणि ही कथा एकाच अरुंद रस्त्यावरून निघतात. एकीत कुळ बुडतं, दुसरीत दोघेही राजे जिवंत घरी पोचतात.

वाटेवरची गाऱ्हाणी पंढरीच्या वारीतही असतात. ज्ञानेश्वर माउलींच्या सोहळ्यात रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांना क्रमांक असतात, क्रम मोडून पुढं जायचं नाही. तरी लाखांच्या वाटचालीत खटके उडतात. लोणंदच्या तळावर मी समाजआरती पाहिली आहे. दिंड्या पालखीभोवती उभ्या, हजारो टाळ एकाच वेळी वाजत असलेले. चोपदार चोप उंचावतो आणि टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते. चोपदार तिथं जातात, विचारतात, ऐकून घेतात. मगच आरती. दिवसाचं गाऱ्हाणं रात्रीपर्यंत ताणलं जात नाही.

महामार्गाला अशी संध्याकाळ नाही. जहीराबादेत कट मारून गेलेला माणूस तिथून बिदरला वळतो, आपण सोलापूरला. त्याच्याबद्दलचा राग मात्र आपल्या गाडीत बसून राहतो आणि हुमनाबादला भेटलेल्या भलत्याच माणसावर निघतो. ते गाऱ्हाणं ऐकायला कुणी चोपदार येणार नाही. ते जागच्या जागी आपणच खाली ठेवायला हवं, नाहीतर किंमत मोजणारा तिसरा कुठंतरी पुढं मोटरसायकलवर चाललेला असतोच.

मागून येणाऱ्यालाही हे सगळं लागू आहे. पुढचा माणूस ट्रकांची रांग ओलांडत असेल तर त्याला दोन ट्रकांच्या फटीत ढकलू नये. एकदा डिपर द्यावा, अंतर ठेवावं, थांबावं.

आषाढीच्या सुमाराला तुम्ही सोलापूर, मोहोळ, पंढरपूर या रस्त्यांनी जाणार असाल, तर ठिकठिकाणच्या दिंड्या रस्त्याच्या कडेनं चाललेल्या भेटतील. गाडी हळू करा, त्यांच्या पाठीशी हॉर्न वाजवू नका, आणि समोरून येणारी गाडी आधी जाऊ द्या.