अनुभवाचा दाखला

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. शाळेला सुट्टी होती. मुख्याध्यापकाला मात्र सुट्टी नसते. निकाल, दाखले, नव्या वर्षाची पाठ्यपुस्तके आणि गळके छप्पर ही कामे सगळे घरी गेल्यावर त्याच्याच वाट्याला उरतात. अशा एका दुपारी आमचा एक जुना विद्यार्थी ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला. २०१७ साली आमच्याकडून एसएसएलसी झाला, मग मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, आणि डिप्लोमा पुरा झाला तो नेमका २०२० च्या टाळेबंदीत. पुढे उद्यमबागेतल्या एका लहान वर्कशॉपमध्ये कंत्राटावर सात महिने होता. ऑर्डर संपली, तसे कंत्राटही संपले. तेव्हापासून तो अर्ज करतो आहे.

"सर, एक दाखला पायजे होता."

मला वाटले, शाळा सोडल्याचा दाखला हरवला असेल. पण त्याला हवा होता अनुभवाचा दाखला. एका कारखान्याने देखभाल विभागासाठी दोन वर्षांचा अनुभव मागितला होता. "शाळेत दोन वर्षं मेंटेनन्सला होता म्हणून लिहून द्या सर. पगार न्हाई लिवला तरी चालतंय. बघायला कोण येतंय?"

शिक्का माझ्या ड्रॉवरमध्येच असतो. लेटरहेडही तिथेच. दोन मिनिटांचे काम. मी त्याला "उद्या ये" म्हणालो, आणि ती रात्र बरीच अस्वस्थ गेली.

आपल्या भागातल्या मुलाची नोकरी शोधण्याची वाट कशी असते, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. तो विचार मराठीत करतो, बाजारात कन्नड बोलतो आणि मुलाखत इंग्रजीत देतो. कर्नाटकाच्या सरकारी भरतीत त्याचे कन्नड तपासले जाते, आणि ते योग्यच आहे. ज्या राज्यात राहायचे त्याची भाषा यायलाच हवी, हे मी पालकसभेत दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी एखाद्याचा राग ओढवून घेतो. पलीकडे महाराष्ट्र शासनाने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या उमेदवाराला तिकडच्या भरतीसाठी अर्ज करता येतो. त्यासाठी १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. म्हणजे दोन्हीकडे दार आहे, आणि दोन्ही दारांशी आधी कागद दाखवायचा आहे. या मुलाच्या प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये इतके कागद आहेत की त्यांच्या झेरॉक्सवर आजवर झालेल्या खर्चात एखादी सायकल आली असती.

पण कागदांपेक्षा मला काळजी वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. पूर्वी तो संध्याकाळी शाळेच्या वाचनालयात यायचा. दोन महिन्यांपासून येणे बंद झाले होते. विचारले तर म्हणाला, "वेळच मिळेना सर." नोकरी नसलेल्या माणसाला वेळ मिळत नाही, हे ऐकून एखाद्याला हसू येईल. मला आले नाही, कारण विद्यार्थिदशेत वाचलेले एक पुस्तक आठवले. ऑस्ट्रियातल्या मारिएन्थाल नावाच्या गावात १९२९-३० च्या सुमारास कापडाची गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सारे गाव बेकार झाले. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल यांनी त्या गावाचा अभ्यास करून १९३३ मध्ये तो प्रसिद्ध केला. आता हाताशी भरपूर वेळ असल्याने लोक अधिक वाचतील असे कोणालाही वाटेल. झाले उलटे. दोन वर्षांत वाचनालयातून पुस्तके नेण्याचे प्रमाण निम्म्याच्या आसपास खाली आले. पुरुष रस्त्यातून सावकाश, थांबत थांबत चालू लागले. बहुतेकांनी खिशात घड्याळ बाळगणे सोडून दिले. बायकांचे तसे झाले नाही. चूल, मुले, धुणे यांनी त्यांचा दिवस बांधून ठेवला होता.

हे वाचल्यापासून 'जिद्द ठेव', 'हिंमत हरू नकोस' या उपदेशावरचा माझा विश्वास उडाला आहे. हल्ली प्रेरणा देणारी व्याख्याने पुष्कळ होतात. आमच्या शाळेतही एकदा झाले, पाहुण्यांच्या मानधनात दोन पंखे आले असते. जिद्द ही काही डब्यात भरून ठेवलेली वस्तू नव्हे, की गरज पडेल तेव्हा मूठभर काढावी. ठरलेल्या वेळी कोणीतरी आपली वाट पाहत असते, आणि आपण गेलो नाही तर त्याचे अडते, एवढ्यावर ती टिकते. या मुलाला उभे ठेवले ते आमच्या दहावीच्या अभ्यासिकेने. रोज सात ते साडेआठ तो पोरांना गणित शिकवायचा, फुकट. मार्चमध्ये परीक्षा झाली, अभ्यासिका बंद झाली, आणि त्याच सुमारास त्याचे वाचनालयात येणेही बंद झाले. हा संबंध मला तेव्हा दिसायला हवा होता. दिसला नाही.

आता दाखल्याकडे येतो. त्याचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. नोकरीशिवाय अनुभव नाही आणि अनुभवाशिवाय नोकरी नाही, हा नियम करणाऱ्याने नव्या मुलाला दारच ठेवलेले नाही. अन्यायी नियम वाकवला तर बिघडले कुठे? शिवाय काम त्याला येत होते, याबद्दल मला शंका नाही. कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७९७ मध्ये एका छोट्या निबंधात असे मांडले, की घरात लपलेल्या मित्राच्या मागावर खुनी आला तरी त्यालाही खोटे सांगू नये. एम.ए.ला असताना मला हे अतिरेकी वाटले होते आणि आजही वाटते. पण कांटच्या विचारात एक गाठ आहे ती मला सोडवता येत नाही. खोटा दाखला चालतो तो इतरांचे दाखले खरे असतात म्हणून. सर्वांनीच खोटे लिहिले तर दाखल्याकडे कोणी पाहणार नाही. म्हणजे मी स्वतःपुरती सवलत घेतो, आणि तिची किंमत प्रामाणिकपणे लिहिणारे भरतात. नियम अन्यायी आहे म्हणून तो मोडायचा, तर सगळ्यांसाठी मोडला पाहिजे. प्रत्यक्षात खोटा दाखला मिळतो तो ज्याला एखादा मुख्याध्यापक ओळखतो त्यालाच.

हे सगळे मी इतक्या शहाणपणाने लिहितो आहे, पण त्या रात्री झोप लागली नाही ती कांटमुळे नव्हे.

१९९५ साली मी एम.ए., बी.एड. होऊन नोकरी शोधत होतो. एका हायस्कुलाची जाहिरात आली, दोन वर्षांचा अध्यापनाचा अनुभव आवश्यक. मी एका खाजगी क्लासमध्ये चार महिने शिकवले होते. क्लास चालवणारे गृहस्थ प्रेमळ होते, माझ्या वडिलांच्या ओळखीचे. त्यांनी चार महिन्यांची दोन वर्षे करून दिली, वर चहा पाजला. मुलाखतीच्या दिवशी आम्ही सात जण व्हरांड्यातल्या बाकावर बसलो होतो. माझ्या शेजारी खानापूरकडचा एक तरुण होता. एसटीने पहाटे निघालेला, शर्ट अजून दमट. त्याने आपल्या फडक्यातली अर्धी भाकरी मला दिली. बोलता बोलता कळले की त्याने एका खेड्यातल्या शाळेत रजेच्या जागेवर एक वर्ष अकरा महिने शिकवले होते, आणि तेवढेच लिहून आणले होते. एक वर्ष अकरा महिने! कोणीही त्याची दोन वर्षे केली असती. तो आत गेला आणि पाच मिनिटांत बाहेर आला. "एक महिना कमी पडला म्हणे," एवढे बोलून त्याने चपला घातल्या. मी आत गेलो, आणि मला घेतले.

युधिष्ठिराचा रथ जमिनीपासून चार बोटे वर चालत असे, अश्वत्थाम्याच्या बाबतीतले अर्धसत्य बोलल्यावर तो खाली टेकला, अशी महाभारतातली कथा आहे. माझा रथ मुळात कधीच वर नव्हता, त्यामुळे काही जाणवले नाही. पगार सुरू झाला, लग्न झाले, पुढे मी बरा शिक्षकही झालो असेन. पण तो तरुण पुढे शिक्षक झाला की नाही हे मला ठाऊक नाही, आणि ती भाकरी मी खाल्ली आहे.

दुसऱ्या दिवशी मुलगा आला तेव्हा मी त्याला हे सारे सांगितले. तीस वर्षांत पहिल्यांदा कोणाला सांगितले, घरीसुद्धा नव्हते. त्याने शांतपणे ऐकले आणि विचारले, "मग तुमी नोकरी सोडलासा काय सर?"

"नाही," मी म्हणालो.

"मग माझ्याच वेळेला का?"

या प्रश्नाला माझ्याकडे चोख उत्तर नाही, आणि वाचकांपुढेही तसा आव आणत नाही. स्वतः शिडी चढून गेल्यावर ती खालून काढून घेणारा माणूस मी त्याला वाटलो असेन. मी एवढेच म्हणालो की तुझ्या मागे बाकावर कोणीतरी बसलेला असेल, तो मला दिसतो, तुला अजून दिसत नाही. आणि तुला नुसते नाही म्हणून पाठवण्याचा अधिकार मला नाही, तेव्हा बस. आपण खरा दाखला लिहू.

इथे मला टेबलाच्या दुसऱ्या बाजूचा अनुभव कामी आला. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत कारकुनाची एक जागा भरायची होती, ४१ अर्ज आले. त्यातल्या बहुतेकांनी बायोडाटा एकाच सायबर कॅफेतून करून घेतला असावा, कारण सगळे मेहनती होते, प्रामाणिक होते, कोणाशीही जुळवून घेणारे होते. विसाव्या अर्जानंतर डोळ्यांपुढे नावेही राहत नाहीत. लक्षात राहिली ती एक मुलगी. तिने लिहिले होते की सोसायटीत तीन वर्षांच्या न जुळणाऱ्या पावत्या तिने एका उन्हाळ्यात तारीखवार लावून दिल्या. तिला आम्ही घेतले. उठून दिसण्यासाठी मोठे शब्द लागतात अशी मुलांची समजूत करून दिली गेली आहे. वाचणाऱ्याला हवे असते ते काहीतरी घडलेले.

मग आम्ही दोघे आठवू लागलो. २०२३ च्या पावसाळ्यात शाळेच्या विहिरीवरची मोटर बंद पडली, ती याने दोन रविवार खर्च करून उघडली, बेअरिंग बदलली आणि पुन्हा बसवली. बाहेरच्या मेकॅनिकने ती भंगारात द्यायला सांगितली होती. मोडलेल्या ३४ बाकांना वेल्डिंग केले. प्रयोगशाळेतला पंप दुरुस्त होणार नाही हे पाहून तसे स्पष्ट सांगितले, उगाच पैसे खर्च करू दिले नाहीत. हे तिसरे वाक्य लिहिताना तो म्हणाला, "हे कशाला सर, हे तर जमलंच न्हाई." मी ते ठेवले. उद्यमबागेतले सात महिनेही सात महिनेच लिहिले. मग खाली ओळ घातली की शाळेतील हे काम विनावेतन होते, ते मी स्वतः पाहिले आहे, आणि विचारायचे असल्यास मला फोन करावा. सही केली, शिक्का मारला.

त्याने कागद दोनदा वाचला. "दोन वर्षं हाईत कुठं ह्यात?"

"नाहीत."

त्या कारखान्याने त्याला बोलावले नाही. मला फोनही आला नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा मी त्याला यंदा अभ्यासिका मार्चऐवजी जूनपासून घ्यायला सांगितले, आणि संस्थेकडून त्याला थोडे मानधन मंजूर करून घेतले; ते पुरण्यासारखे नाही, हे मला माहीत आहे. तो रोज सातला येतो. वाचनालयाच्या रजिस्टरातही त्याचे नाव पुन्हा दिसू लागले आहे. दाखल्याच्या दहा झेरॉक्स त्याने काढल्या, चार पाठवल्या. शिनोळीच्या एका कारखान्यातून मुलाखतीचे पत्र आले आहे, दिवाळीनंतरच्या सोमवारचे. परवा विचारत होता, पंपाचे वाक्य वाचून त्यांनी काही विचारले तर काय सांगायचे. मी म्हटले, पंप का दुरुस्त होत नव्हता ते सांग. तो लगेच फळ्याकडे गेला आणि खडूने इम्पेलरचे चित्र काढून मला समजावू लागला. दहावीची पोरे वह्या बंद करून ऐकत होती.