पळणाऱ्याचा गुन्हा

अठराव्या शतकात इंग्लंडच्या आरमाराला माणसे कमी पडली की सक्तीने भरती करणारी टोळी बंदरात उतरे. टेम्स नदीवरचे नावाडी, टाइन नदीवर होड्यांतून कोळसा वाहणारे कामगार, परतीच्या व्यापारी जहाजांवरचे खलाशी, ज्यांची रोजी पाण्यावर तेच तिच्या हाती आधी लागत. 1740 च्या कायद्याने 18 वर्षांखालच्यांना आणि 55 वर्षांवरच्यांना सूट मिळाली. बाकीच्यांनी करायचे काय? लपायचे, सुटकेचा परवाना मिळवायचा, नाही तर जहाज बंदरात शिरण्याआधीच उतरून आडवाटेने घर गाठायचे.

याला गुन्हा म्हणायचे का? 1743 मध्ये ब्रिस्टलजवळ अलेक्झांडर ब्रॉडफुट या खलाशाने धरायला आलेल्या टोळीतल्या एकाला गोळी घातली. न्यायाधीश मायकेल फॉस्टर यांनी सक्तीची भरती हा राजाचा जुना हक्क ठरवला. पण हुकूम ज्याच्या नावे होता तो अधिकारी टोळीबरोबर नव्हता, म्हणून खुनाऐवजी सदोष मनुष्यवध मानला. पुढे बेंजामिन फ्रँकलिन यांनी फॉस्टर यांच्या युक्तिवादाचे वाभाडे काढले. ते मला पटते. गरज साऱ्या मुलखाची, मग ओझे एकाच बिरादरीच्या खांद्यावर का?

खरा पेच मात्र पुढेच आहे. एक निसटला की दुसरा धरला जातो. टाइनच्या कामगारांनी नेपोलियनच्या काळात सौदा केला: साधारण दहांमागे एक माणूस आम्ही देतो, बाकीच्यांना हात लावू नका. नऊ घरांच्या चुली वाचल्या. दहावा बक्षिसाची रक्कम घेऊन राजीखुशीने गेला असेलही. पण भुकेल्याची राजीखुशी कितपत खरी मानायची?

तरी पळणाऱ्याला मी गुन्हेगार म्हणणार नाही. दुसऱ्याच्या मानगुटीवर पडणारा हात त्याचा नव्हे. बक्षिसासाठी शेजाऱ्याचे दार दाखवणाऱ्याची गोष्ट वेगळी, आणि असेही लोक होते.

आपल्याकडचा धागाही यात आहे. पूर्वेच्या समुद्रात आरमाराने कंपनीच्या जहाजांवरचे गोरे खलाशी उचलले की त्यांच्या जागी लस्कर, म्हणजे हिंदी खलाशी, भरले जात. त्यांत मुसलमान पुष्कळ. लंडनला पोहोचल्यावर अनेकांना कुणी वाली नसे. 1786 मध्ये तिथल्या रस्त्यांवर उपाशी हिंडणाऱ्या अशा लस्करांसाठी वर्गणी गोळा करावी लागली. ते कुणापासून पळाले नव्हते.