धरणाचा धनी आणि खालचा शेजारी

धोक्याचें धरण म्हणजे मोडकळीस आलेलें धरण, अशी सामान्य समजूत असते. अमेरिकेंतील वर्गीकरणाचा न्याय निराळा आहे. बांध कितीही भक्कम असो. तो फुटल्यास खालीं मनुष्यहानि होण्याचा संभव असेल, तर त्याची गणना उच्च धोक्याच्या वर्गांत होते. म्हणजे धन्यानें घमेलेंभर मातीही न हलवितां, केवळ खालीं दुसऱ्यानें घर बांधल्यामुळें त्याचें कर्तव्य वाढतें! हा अन्याय नव्हे काय?

आम्हांस तसें वाटत नाहीं. घर बांधणारानें वर पाहून बांधावें हें खरें. परंतु सांडवा मोकळा आहे कीं बुजला, बांधांतून पाणी पाझरतें कीं काय, हें तो पाहूं शकत नाहीं. तें धन्यालाच पाहतां येतें, आणि ज्याला पाहतां येतें त्यानेंच पाहिलें पाहिजे. हवाईंतील कौआई बेटावरचें कालोको हें खासगी मातीचें धरण सरकारदफ्तरीं कमी धोक्याचें म्हणून नोंदलेलें होतें. १४ मार्च २००६ रोजीं तें फुटलें व ७ माणसें प्राणांस मुकलीं. मालकीची हद्द कुंपणापाशीं संपत असेल; जबाबदारीची हद्द पाणी जेथवर पोंचेल तेथवर आहे.