पद्मावती बोट दासगावला का गेली?

24 डिसेंबर 1927 रोजी सकाळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सुमारे दोनशे प्रतिनिधींना घेऊन ‘पद्मावती’ बोटीने मुंबईहून निघाले. महाडला सत्याग्रह परिषद होती. त्या काळी महाडला जायचे तर धरमतरला बोटीतून उतरायचे आणि पुढे मोटारीने रस्ता कापायचा, ही सोयीची वाट होती. या मंडळींनी ती टाळली. सावित्रीच्या खाडीत दासगावला जाणारा समुद्राचा लांबचा प्रवास त्यांनी पत्करला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ते तिथे उतरले. कारण साधे होते. मोटारवाल्यांनी ऐन वेळी बहिष्कार घातला, तर दासगावाहून महाड पाच मैल. चालत जाता येते. धरमतरहून ते शक्य नव्हते.

चरित्रांमध्ये हा तपशील एखाद्या ओळीत येतो आणि वाचणारा पुढे त्या परिषदेतल्या मनुस्मृतीदहनाकडे वळतो. मला मात्र तो मार्गाचा हिशेब फार मोलाचा वाटतो. परिषद भरवू नका, बोलू नका, असा सरकारी हुकूम त्या वेळी नव्हता. पण परिषदेसाठी जागा द्यायला एकही सवर्ण हिंदू तयार होईना. शेवटी फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. महाडच्या व्यापाऱ्यांनी माल विकायचे नाकारले, म्हणून धान्य वगैरे बाहेरून आणावे लागले. त्याच वर्षी मार्चमधल्या पहिल्या परिषदेत तर पाणीसुद्धा चाळीस रुपये मोजून विकत घ्यावे लागले होते. म्हणजे बोलायला बंदी नव्हती. बोलण्याच्या जागेपर्यंत नेणारी मोटार, उभे राहण्याची जमीन, तिथे दोन दिवस तगून राहायला लागणारे दाणापाणी, हे सारे ज्यांच्या हातात होते त्यांनी हात आखडता घेतला होता.

अभिव्यक्तिस्वातंत्र्याबद्दल आपण मराठी माणसे विचार करतो तेव्हा हे चित्र सहसा डोळ्यांसमोर येत नाही. आपले चित्र वेगळ्या घटनांनी घडवले आहे. 1878 चा देशी भाषांतील वृत्तपत्रांचा कायदा, 1897 आणि 1908 मधले टिळकांवरचे राजद्रोहाचे खटले, शिवरामपंत परांजपे यांच्या ‘काळ’ची गळचेपी. आरोपीच्या पिंजऱ्यात संपादक आणि समोर सरकार. या झगड्यातून जी कल्पना रुजली तिच्यात बोलणाऱ्याचा शत्रू एकच: सत्ता. पुढे घटनेच्या कलम 19 मध्येही मुख्यतः हीच कल्पना उतरली. राज्यसंस्थेने तोंड दाबू नये, इतकेच त्या कलमाने मागितले, असे आपण कित्येक वर्षे धरून चाललो.

त्याच परंपरेच्या पोटात एक दुसरी, कमी सांगितली जाणारी गोष्ट आहे. 31 जानेवारी 1920 रोजी आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केला. शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले होते. नवे पत्र निघते आहे, ही जाहिरात आंबेडकरांनी टिळकांच्या ‘केसरी’कडे पाठवली, पैसे देऊ केले, ‘केसरी’ने ती छापली नाही. टिळक तेव्हा हयात होते. सरकारशी लढून दोनदा तुरुंगात गेलेल्या संपादकाच्या पत्राने दुसऱ्याच्या पत्राला पैसे देऊन मिळणारी जागासुद्धा नाकारली. आंबेडकरांनी पुढे ‘बहिष्कृत भारता’त या नकाराची आठवण करून दिली.

राग येतो. तरीही थांबून विचारले पाहिजे: ‘केसरी’ला तो अधिकार नव्हता का? होता, असे माझे मत आहे. आपल्या पत्रात काय छापायचे आणि काय नाही हे ठरवणे हाच संपादकाच्या स्वातंत्र्याचा गाभा. उद्या सरकारने एखाद्या संपादकाला ‘अमुक छापलेच पाहिजे’ असे फर्मावले, तर आपण त्याच्याच बाजूने उभे राहू. ‘केसरी’चे वागणे कोतेपणाचे होते, पण अन्यायाला तिथे एक उपाय शिल्लक होता. पत्रे अनेक होती, आणखी काढता येत होती. आंबेडकरांनी ती काढली: ‘मूकनायक’, ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’, ‘प्रबुद्ध भारत’. छपाईसाठी दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागू नये म्हणून भारतभूषण छापखानाही उभा राहिला. अलिबागकडच्या शेतकऱ्यांनीही हीच वाट धरली. चरीचा संप 1933 पासून 1939 पर्यंत चालला, आणि खोतांविरुद्धच्या त्या लढ्याची बाजू मांडायला नारायण नागू पाटील यांनी 1937 मध्ये ‘कृषीवल’ सुरू केले. वर्तमानपत्राच्या नकाराला वर्तमानपत्राने उत्तर देता येते.

तळ्याच्या नकाराला मात्र तसे उत्तर देता येत नाही. महाडच्या चवदार तळ्यावर अस्पृश्यांना पाणी भरू देत नसतील तर ‘तुम्ही तुमचे तळे खणा’ हे म्हणणे निर्लज्जपणाचे ठरते.

चवदार तळ्याचा खटला या दृष्टीने पुन्हा वाचावा असा आहे. 1923 मध्ये सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदे कौन्सिलने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. महाड नगरपालिकेने जानेवारी 1924 मध्ये तसा ठराव केला. 20 मार्च 1927 ला लोक तळ्यावर गेले, पाणी प्याले, आणि परतणाऱ्यांवर हल्ले झाले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरच्या परिषदेआधी, 14 तारखेला, काही सवर्णांनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. फिर्यादींचे म्हणणे होते की तळे खाजगी आहे, आणि अस्पृश्यांना वगळण्याची वहिवाट अनादी काळापासूनची आहे. खालच्या न्यायालयाने 1931 मध्ये निकाल आंबेडकरांच्या बाजूने दिला, ठाण्याच्या न्यायालयात अपील फेटाळले गेले, आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने शेवटचा शब्द उच्चारला: वहिवाट सिद्ध झालेली नाही. निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती ब्रूमफील्ड होते. 1922 मध्ये अहमदाबादला गांधीजींना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे तेच हे. इतिहासाला असल्या गमती आवडतात.

निकालाला दहा वर्षे लागली, हे दुःख आहेच. पण त्याने एक गोष्ट पक्की केली. ‘हे आमचे आहे’ एवढे म्हणून मालकाला सुटता येत नाही. ज्या गोष्टीवाचून लोकांचे चालत नाही तिथे वगळणाऱ्याने कारण दाखवायचे असते आणि ते कुणापुढे तरी तपासले जाते. घटनेच्या कलम 15(2) मध्ये दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, घाट, रस्ते यांची नावे घेऊन धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणालाही अडवता येणार नाही असे लिहिले गेले. हे कलम केवळ सरकारवर रोखलेले नाही. दुकानदारावर आणि खाणावळवाल्यावरही आहे. महाडचे पाणी त्यात आहे, असे म्हणायला हरकत नाही.

अभिव्यक्तीचा विचारही दरम्यान पुढे सरकत होता. मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ला मद्रासमध्ये प्रवेशबंदी झाली, तेव्हा 1950 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की प्रसाराचे स्वातंत्र्य नसेल तर छापण्याला अर्थ नाही. 1961 मध्ये पुण्याच्या ‘सकाळ’च्या खटल्यात, किमतीनुसार पाने ठरवून देणारा सरकारी आदेश याच तत्त्वावर रद्द झाला: पाने आणि किंमत बांधून ठेवली तर खप घटतो, आणि खप घटवणे म्हणजे बोलणे घटवणे. या निकालांनी पोहोचणे हा बोलण्याचाच भाग मानला. पद्मावतीवरच्या मंडळींना हे आधीच ठाऊक होते.

आता आजच्या धक्क्यावर येऊ. भारतातले बहुतेक फोन गूगलच्या अँड्रॉइडचे, उरलेले अ‍ॅपलचे. एखादे अ‍ॅप लोकांच्या फोनमध्ये शिरायचे तर ते बहुतेक वेळा या दोन कंपन्यांच्या दुकानांतून. त्या दारात काय होऊ शकते याची झलक 18 सप्टेंबर 2020 ला मिळाली. पेटीएमसारखे देशभर वापरले जाणारे अ‍ॅप गूगलने आपल्या दुकानातून काढले आणि काही तासांनी परत ठेवले. 1 मार्च 2024 ला शादी डॉट कॉम, नोकरी डॉट कॉम, भारत मॅट्रिमोनी अशी ओळखीची अ‍ॅप्स शुल्काच्या वादातून काढली गेली. केंद्रीय मंत्र्यांनी लक्ष घातल्यावर काही दिवसांत परत आली. लग्न जुळवणाऱ्यांसाठी मंत्री धावले, ठीकच झाले. एखाद्या तालुक्यातल्या चिमुकल्या वृत्त-अ‍ॅपसाठी कोण धावेल?

अमेरिकेत जानेवारी 2021 मध्ये पार्लर हे उजव्या गटांचे माध्यम आधी गूगलने, मग अ‍ॅपलने काढले आणि शेवटी अ‍ॅमेझॉनने त्याचे सर्व्हर बंद केले. तीन कंपन्या, तीन दिवस. पार्लरवर कॅपिटॉल या संसदभवनातल्या हिंसाचाराला चिथावणी देणारे लिखाण होते, हे खरे. काढणे समर्थनीय होते असे मानले तरी तीन खाजगी कार्यालयांच्या निर्णयाने एक अख्खे व्यासपीठ दिसेनासे होऊ शकते, हे त्यातून कळलेच. आवडत नसलेल्याचे तोंड बंद झाले म्हणून त्या वेळी इथेही पुष्कळांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

रायगडच्या किनाऱ्यावर हा प्रश्न राजकारणाच्या आधी पोटाचा होऊन येतो. नागाव, काशीद, दिवेआगर या पट्ट्यात घरगुती राहण्या-जेवणाची सोय करणारी कुटुंबे आता पाटीवर विसंबून नाहीत. नकाशावरची खूण, इन्स्टाग्रामचे पान आणि पाहुण्यांचे शेरे यांवर त्यांचा हंगाम उभा असतो. ते पान एका सकाळी ‘नियमभंगामुळे’ बंद झाले तर कोणता नियम, कुणी मोडला, हे विचारायला खिडकी नसते. यंत्राने दिलेले उत्तर येते, कधी तेही येत नाही. यात भाषणस्वातंत्र्य कुठे आले, असे कुणी म्हणेल. ज्या पानावर ही घरे गिऱ्हाईक मिळवतात त्याच पानावर गावकरी जेट्टीबद्दल, वाळूउपशाबद्दल, भूसंपादनाबद्दल बोलतात. दार एकच आहे.

तेव्हा माझा प्रश्न असा: अ‍ॅपचे दुकान हे ‘केसरी’ आहे की चवदार तळे? कंपन्यांना सोयीप्रमाणे दोन्ही व्हायचे असते. काढून टाकायचे तेव्हा त्या संपादक असतात आणि निवडीचे स्वातंत्र्य सांगतात. मजकुराची जबाबदारी अंगावर येते तेव्हा त्या नुसत्या पाण्याच्या साठ्यासारख्या निष्पाप होतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये समाजमाध्यमांनी मजकुराची निवड करणे ही त्यांची अभिव्यक्ती आहे, या बाजूला कौल झुकवला. एखाद्या माध्यमापुरते ते मला पटते. ज्याच्याखेरीज कोणतेच माध्यम लोकांपर्यंत पोहोचत नाही अशा दारापुरते पटत नाही.

इथे घाईचे उत्तर असते: मग दार सरकारच्या ताब्यात द्या. पण सरकार दाराबाहेर आहेच कुठे? 29 जून 2020 ला टिकटॉकसह 59 अ‍ॅप्सवर बंदी आली आणि ग्रामीण महाराष्ट्रातल्या असंख्य नाचणाऱ्या-गाणाऱ्यांचा प्रेक्षक एका रात्रीत गेला. 2021 मध्ये रशियात निवडणुकीच्या तोंडावर विरोधी नेते नवाल्नी यांच्या समर्थकांचे मतदान-अ‍ॅप अ‍ॅपल आणि गूगलने सरकारी दबावाखाली काढले. एका ठिकाणी आवळायची सोय असली की सत्तेचा हात तिथेच जातो. एप्रिल 2025 मध्ये विनोदी कलाकार कुणाल कामराचे नाव तिकिटे विकणाऱ्या बुकमायशोच्या यादीतून गेले, तेही सत्ताधारी पक्षाच्या पदाधिकाऱ्याने पत्र लिहिल्यानंतर. कामराने कंपनीला जाहीरपणे विचारले की मला परत घ्या, नाहीतर माझ्या प्रेक्षकांचे संपर्क तरी द्या. ही दुसरी मागणी मला फार नेमकी वाटली. प्रेक्षक त्याचे, पत्ते कंपनीचे.

पालघरच्या दोन मुलींना 2012 मध्ये फेसबुकवरच्या मजकुरासाठी अटक झाली, त्या संतापातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर 2015 मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66अ रद्द झाले. तो दिवस आपण साजरा केला. त्याच निकालात मजकूर अडवण्याचे कलम 69अ कायम राहिले याची फारशी चर्चा झाली नाही. त्याखालच्या 2009 च्या नियमांतला सोळावा नियम तक्रारी आणि त्यांवरची कारवाई गुप्त ठेवायला सांगतो. सप्टेंबर 2025 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने मजकूर काढण्याच्या सूचना देणाऱ्या सरकारच्या ‘सहयोग’ यंत्रणेविरुद्धची एक्स कंपनीची याचिका फेटाळली; कलम 19 भारतीय नागरिकांसाठी आहे, परदेशी कंपनीसाठी नाही, असे सांगितले. कायद्याने ते बरोबर असेल. पण मग ज्या नागरिकाचे लिखाण गेले त्याला निदान कळायला तरी हवे की ते कुणी आणि का काढले. कंपनीला हक्क नाही, नागरिकाला खबर नाही. न्यायालयात जायचे कुणी?

दार उघडण्याची एक फट 3 जानेवारी 2023 ला दिसली. कौशल किशोर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक मतांनी म्हटले की कलम 19 आणि 21 मधले हक्क राज्यसंस्थेखेरीज इतरांविरुद्धही बजावता येतात. युरोपीय संघाने 2024 पासून पूर्णपणे लागू केलेल्या डिजिटल सेवा कायद्यात मजकूर काढताना वापरणाऱ्याला लेखी कारण देणे बंधनकारक केले आहे. आपल्याकडे 2023 मध्ये तक्रार-अपील समित्या नेमल्या गेल्या. त्यांचे सदस्य केंद्र सरकारच नेमते.

मोठी क्रांतिकारी मागणी करण्याची गरज मला वाटत नाही. कंपनी असो की मंत्रालय, काढण्यापूर्वी ज्याचे काढायचे त्याला नोटीस द्यावी, कारण लेखी द्यावे, आणि त्यावरचे अपील दोघांपासूनही स्वतंत्र असलेल्या माणसापुढे चालावे. सोळाव्या नियमातली गुप्तता रद्द व्हावी. आपल्या खासदाराला लिहिण्यासारखे हे एका पोस्टकार्डात मावते. आणि ज्यांची मते तुम्हाला अजिबात सहन होत नाहीत अशांचे अ‍ॅप पुढच्या वेळी काढले जाईल, तेव्हाही हेच पोस्टकार्ड पाठवा.