जपायचं म्हणून लपवायचं?

किशोरांसाठी लिहिलेल्या अद्भुतकथांत एक वडीलधारं माणूस हटकून भेटतं. संकट काय आहे हे त्याला ठाऊक असतं, मुलावर त्याची माया असते आणि त्या मायेपोटीच ते गप्प राहतं. हॅरी पॉटरच्या पाचव्या पुस्तकात (2003) त्याच्या शाळेचा मुख्याध्यापक डम्बलडोर असाच वागतो. शत्रूपासून मन बंद ठेवण्याची विद्या शिक, असं पंधरा वर्षांच्या हॅरीला बजावलं जातं. पण स्वप्नात वारंवार दिसणाऱ्या दारामागे काय आहे, शत्रूला ते का हवं आहे, हे त्याला कोणीच सांगत नाही. साहजिकच त्याचं शिकण्यात मन लागत नाही आणि दारापलीकडे पाहण्याची ओढ वाढत जाते. शत्रू त्याच स्वप्नांचा सापळा रचतो. त्यात हॅरीचा पालक सिरियस जिवाला मुकतो. मुलाचं सुख जपण्याच्या नादात आपण सत्य दडवलं, ही कबुली डम्बलडोर देतो, पण तेव्हा फार उशीर झालेला असतो.

पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर-आंबेगावच्या घरांत, मुलाला धोका किती सांगायचा, हा प्रश्न कथेतला राहिलेला नाही. डिंभे, माणिकडोह, येडगाव या धरणांचं पाणी आलं, ऊस वाढला आणि बिबट्याला बारमाही आडोसा मिळाला. आंबेगावच्या पूर्वेकडच्या कमी पावसाच्या लोणी-धामणी पट्ट्यातही आता त्याची धास्ती आहे. 2025च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेडला, हल्ल्यांत मुलांचे जीव गेले. त्यानंतर तिथली माणसं गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाऊ लागली. हे पट्टे घरातली मुलंही पाहत असतात. त्यांच्यापासून आपण नेमकं काय लपवणार?

बहुतेक घरांत मुलाला एवढंच सांगितलं जातं: ‘तिकडे जाऊ नकोस, वाघ आहे.’ पाच वर्षांच्या पोराला ते पुरतं. चौदा वर्षांच्या मुलाला कारण लागतं. वाकून किंवा बसून काम करणारं माणूस बिबट्याला लहान जनावरासारखं भासतं, म्हणून अंधार पडताना फडाच्या कडेला बसायचं नाही. बिबट्या समोर आला तर पाठ फिरवून पळायचं नाही. ऊसतोडीत बछडे सापडले तर हात लावायचा नाही, कारण त्यांची आई जवळपास असू शकते. कारण कळलेला मुलगा कोणी न सांगितलेल्या प्रसंगातही विचार करून वागू शकतो. नुसती मनाई ऐकलेला मुलगा तिथे अडतो.

मोठ्यांचं काय चुकलं, हेही त्याला कळायला हवं. या शतकाच्या सुरुवातीला जुन्नर भागात बिबटे पकडून दुसरीकडच्या जंगलात सोडले गेले. त्यानंतर हल्ले कमी न होता वाढले, असं वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसून आलं. पिंजरा लागला म्हणजे संकट टळलं, असं मुलाला सांगणं ही खोटी हमी ठरते.

यावर आक्षेप असा, की सगळं सांगितलं तर मुलं धसका घेतील. तो खरा आहे. पण गावात घटना घडली की मोबाइलवरचे व्हिडिओ मुलांपर्यंत घरच्यांच्या आधी पोहोचतात. घरचे गप्प बसले तर मुलाच्या वाट्याला फक्त भीती येते. सांगताना रक्तामांसाचं वर्णन टाळावं, पण धोका आणि त्यावरचा उपाय टाळू नये. मुलींच्या बाबतीत तर अधिक जपून बोलायला हवं. बिबट्याचं निमित्त होऊन मुलीची शाळा सुटली, तर ते नुकसान जन्मभराचं असतं.

मात्र सांगून टाकलं म्हणजे पालक मोकळे झाले, असं नाही. महाभारतात, चक्रव्यूहातून आपल्याला बाहेर पडता येत नाही, हे अभिमन्यूने आधीच सांगितलं होतं. आम्ही तुझ्या मागोमाग येतो, असा शब्द पांडवांनी दिला आणि जयद्रथाने त्यांना व्यूहाच्या तोंडाशीच रोखलं. तिथे माहिती लपलेली नव्हती, कमी पडला तो मोठ्यांचा आधार. शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीत आली म्हणून मुलाला बॅटरी देऊन दारं धरायला पाठवणारं घर त्याच जागी उभं असतं. दिवसा वीज मिळवणं, शाळेच्या वाटेवर दिवे लावून घेणं, पोरांना एकटं न सोडणं ही कामं मोठ्यांचीच आहेत.

म्हणून पालकांनी एक नियम पाळावा. मुलाला जे काम सांगू, त्यातला धोका पुरता सांगावा. आणि तो सांगायला जीभ रेटत नसेल, तर ते काम त्याला सांगूच नये.